टायरचा व्हॉल्व्ह घरी बदलण्याआधी

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचा आहे. गाडी आठ वर्षांची हॅचबॅक, लोखंडी रिम, ट्यूबलेस टायर. पुढच्या डाव्या चाकातली हवा दर आठवड्याला पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरते. दोनदा पंक्चरवाल्याकडे नेलं, त्यानं चाक पाण्यात बुडवून पाहिलं, काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "वाल लीक मार रहा है, मैडम." ताई विचारतात, "काका, हा व्हॉल्व्ह घरी बदलता येईल का? जॅक आहे, गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आहे आणि हाताशी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा आहे. दिवाळीत नवी व्हील कव्हर बसवली तेव्हापासून गाडी देखणी झाली, पण हे दुखणं मागे लागलंय."

शेवटचं वाक्य ताईंनी सहज लिहिलंय. माझी नजर तिथेच अडकली. त्याकडे येतोच, पण आधी मुळापासून सांगतो.

छोटी ग्वालटोलीच्या बाजूला टायर-रिमच्या कामात माझी तीस वर्षं गेली. आमच्याकडे सगळे व्हॉल्व्हला 'वाल'च म्हणतात. माझे पुण्याचे मेहुणे पहिल्यांदा दुकानात आले आणि "वाल खराब है" असं ऐकलं तेव्हा त्यांना डाळिंब्यांची उसळ आठवली होती. असो. तर 'वाल खराब' या दोन शब्दांत दोन वेगळे आजार येतात आणि दोन्हींचा इलाज अगदी वेगळा आहे. व्हॉल्व्ह म्हणजे एक वस्तू नाही. रिममधून बाहेर आलेली रबराची दांडी, जिच्या आत पितळेची नळी असते, ती बॉडी. त्या नळीत आट्यांनी बसवलेली बारीक स्प्रिंगची सुई, ती पिन. पिन गळत असेल तर बदलायला दोन मिनिटं लागतात, चाक गाडीवरून काढायचीसुद्धा गरज नाही. बॉडी गळत असेल तर टायर रिमपासून सोडवावा लागतो, आणि सगळी मेहनत त्या सोडवण्यातच आहे.

ज्यांचं लहानपण सायकलीवर गेलं त्यांना व्हॉल ट्यूब आठवत असेल. चार आण्यांची ती रबरी नळी कापून, थुंकी लावून व्हॉल्व्हवर चढवायची. तिथे हवा थोपवायचं काम रबर करायचं. मोटारीच्या व्हॉल्व्हमध्ये ते काम पिन करते. ही रचना श्रेडर नावाच्या अमेरिकन कंपनीनं १८९० च्या दशकात आणली आणि आटे आजही तेच आहेत. म्हणून मोटारसायकलची पिन स्कूटरला चालते, स्कूटरची मोटारीला. दहा पिनांचं पाकीट आणि एक चावी घरात ठेवा, घरातल्या सगळ्या गाड्यांना पुरेल. चावी म्हणजे पुढे खाच असलेला पान्याचा छोटा भाऊ. काही धातूच्या टोपणांच्या डोक्यावरही ती खाच असते.

आता तपासणी. आधी एक शंका दूर करा : हवा खरंच गळते आहे ना? इंदुरात जानेवारीत दुपारी २७-२८ अंश आणि पहाटे ८-१० अंश असतं. तापमान वीस अंश उतरलं की ३२ पीएसआयच्या टायरमधला दाब आपोआप तीनेक पीएसआयनं उतरतो. हवा कुठेही गेलेली नसते, फक्त आकसलेली असते. दर हिवाळ्यात लोक माझ्याकडे 'चारही वाल' बदलायला यायचे, त्यातल्या निम्म्यांना मी चहा पाजून परत पाठवायचो. चारही चाकं सारखी उतरत असतील तर ऋतूला दोष द्या. शिवाय चांगला टायरही महिन्याला एखादा-दोन पीएसआय सोडतो. तुमचं एकच चाक आणि आठवड्याला पाच-सहा, म्हणजे गळती नक्की आहे.

भांड्याचा साबण दाट कालवून स्प्रेच्या बाटलीत भरा. हवा ३२-३५ पर्यंत भरून घ्या, व्हील कव्हर काढा, टोपण काढा. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचा एक थेंब ठेवा. पंक्चरवाला इथे थुंकी लावतो, तत्त्व तेच. फुगा हळूहळू वर आला तर पिन गळते. तोंड कोरडं ठणठणीत असेल तर बुडाशी, जिथे रबर रिमच्या भोकात शिरतं तिथे फवारा मारा आणि मिनिटभर थांबा.

इथे बहुतेक लोक चुकतात आणि तुमचा पंक्चरवालाही बहुधा इथेच चुकला. सरळ उभ्या व्हॉल्व्हच्या बुडाची भेग मिटलेली राहते. हवा धरून ठेवते, पाण्यात बुडवली तरी बुडबुडा येत नाही. व्हॉल्व्ह बोटानं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग रिमच्या कडेकडे दाबून धरा आणि त्या स्थितीत साबण बघा. भेग असेल तर उघडेल आणि फेस येईल. चाक फिरताना नेमकं हेच होतं. ताशी ८० च्या वेगाला व्हॉल्व्हला त्याच्या वजनाच्या नव्वद-शंभर पट ओढ बाहेरच्या दिशेनं लागते. तो कडेकडे झुकतो, बुडाची भेग उघडते, हवा सुटते. गाडी थांबली की भेग पुन्हा मिटते. एक कुटुंब ओंकारेश्वरला निघालं की खंडवा रोडच्या घाटाच्या अलीकडे त्यांची हवा उतरायची आणि घरी उभी गाडी पंधरा दिवस ठणठणीत. त्यांनी दोन ठिकाणी पंक्चर शोधून घेतलं, एकानं नसलेलं पंक्चर काढूनही दिलं. दोष व्हॉल्व्हच्या बुडाशी होता, वर कोणी तरी हौसेनं जाडजूड चमकदार टोपण लावलेलं. टोपणाचं वजन ओढीत भरच घालतं.

आता तुमच्या व्हील कव्हरकडे. प्लॅस्टिकच्या कव्हराला व्हॉल्व्हसाठी एक खाच असते. कव्हर ठोकून बसवताना ती खाच चार-पाच मिलिमीटर जरी सरकली तरी कव्हराची कड व्हॉल्व्हला एका अंगानं दाबून धरते. गाडी चालली की ती कड रबर घासत राहते. दिवाळीपासून काही महिन्यांत बुडाशी अर्धचंद्राकृती चिरा पडायला तेवढं पुरतं. कव्हर काढल्याबरोबर व्हॉल्व्हच्या एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा दिसतो का पाहा. दिसला तर निदान झालं. मात्र नवा व्हॉल्व्ह टाकून तेच कव्हर तसंच ठोकलंत तर होळीपर्यंत परत हेच.

पिन गळत असेल तर काय करायचं ते आधी उरकतो. पिनच्या टोकाला नखानं दोन-तीनदा पटकन दाबून हवा फुस्स करू द्या. कधी कधी बुडात अडकलेला धुळीचा कण उडून जातो आणि गळती थांबते. नाही थांबली तर चावीनं पिन किंचित आवळून बघा. तरीही नाही, तर बदला. चाक जमिनीवर असताना पिन काढली की टायर बसतो आणि गाडीचं वजन रिमवर येतं, म्हणून आधी जॅकवर घ्या. पिन सुटताना हवेच्या जोरानं गोळीसारखी उडते, तोंड बाजूला ठेवा. नवी पिन आत टेकेपर्यंत हलक्या हातानं, मग चावीला पाव वळण. बस. जोर लावला की पिनेवरचा बारीक सीलच फाटतो आणि नवी पिन जुनीपेक्षा जास्त गळते. काढलेली पिन गंजलेली किंवा ओली निघाली तर जिथे हवा भरता तिथल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं असं समजा आणि जागा बदला. पिन हिरव्या चिकट लगद्यानं माखली असेल तर कधी तरी पंक्चररोधक जेल भरलं गेलंय. ते जेल पिन चिकटवून टाकतं. व्हॉल्व्हच्या गळतीवर जेल हा इलाज नाहीच, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता बॉडी.

आधी खरेदी. साध्या मोटारीच्या रिमचं भोक ११.३ मिलिमीटरचं असतं आणि त्याला टीआर ४१३ नावाचा रबरी व्हॉल्व्ह लागतो. टीआर ४१४ त्याचाच लांब भाऊ, खोल कव्हराच्या चाकांना बरा. टीआर ४१२ आखूड, तो अलॉयला आणि बऱ्याच ट्यूबलेस दुचाकींना शोभतो. नंबर बुडाच्या रबरावर उमटवलेला असतो, जुन्यावरचा वाचून तोच घ्या. असा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो, मोटारीला भरपूर झाला, पण मालवाहू गाडीला नाही. किंमत म्हणाल तर एका माणसाच्या पोह्या-चहाएवढी, म्हणून इथे काटकसर करू नका. घेताना दुकानातच बुडाशी वाकवून बघा. बारीक केसासारख्या रेषा दिसल्या तर माल जुना आहे, परत करा. रबराला हवेतला ओझोन खातो आणि त्यापासून वाचवणारं मेण मिश्रणात कमी पडलं तर व्हॉल्व्ह पाकिटातून निघून वर्ष-दोन वर्षांत फाटतो. २००६ मध्ये बनलेल्या अशा व्हॉल्व्हचे लाखो नग अमेरिकेत २००८ मध्ये परत मागवावे लागले होते. मी तर म्हणतो, एक फाटला तर चारही बदलायच्या यादीत घाला, चारही आठ वर्षांचेच आहेत. आणि पुढे कधीही नवा टायर घ्याल तेव्हा व्हॉल्व्ह नवाच. दुकानदार आपणहून विचारत नाही.

एक अपवाद. गाडीत टायरचा दाब डॅशबोर्डवर दाखवणारी सोय असेल आणि चाकात सेन्सर असेल तर तो बहुतेक व्हॉल्व्हच्याच बुडाला आतून जोडलेला असतो. तिथे घरचे प्रयोग नकोत, दाबताना सेन्सर तुटला की पोह्या-चहाच्या हिशेबाचं काम हजारांत जातं. तुमच्या गाडीला ते नसावं, पण मुलाला माहितीपुस्तिका वाचायला लावा, तेवढाच अभ्यास.

चाक काढताना : गाडी सपाट, टणक जमिनीवर, पहिला गिअर, हँडब्रेक, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे. वीट लावू नका, वीट फुटते. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करा. चाक निघालं की लगेच स्टेपनी बसवा आणि जॅक उतरवा. काम तासभर चालेल, तेवढा वेळ गाडी जॅकवर टांगून ठेवायची नाही.

पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. पूर्ण. फुस्स थांबल्यावरही थोडा वेळ थांबा. हा आग्रह का, तर शिकाऊ असताना मी एका जुन्या स्कूटरचं चाक उघडलं होतं. त्या स्कूटरच्या रिमचे दोन तुकडे नटांनी जोडलेले असायचे. हवा काढायची राहिली आणि मी नट सोडायला लागलो. शेवटच्या नटाला रिमचा तुकडा कानाजवळून गेला आणि समोरच्या पत्र्याच्या शटरला पोचा पाडून पडला. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी मला दुसरं कुठलंच काम दिलं नाही. तशी दोन तुकड्यांची रिम कोणाकडे अजून असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

चाक आडवं ठेवा, व्हॉल्व्हची बाजू वर, खाली जुनं पोतं. व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची रेघ मारा, कारण टायर रिमवर फिरला तर बॅलन्सिंग जातं आणि बायपासवर ८० ला स्टिअरिंग थरथरतं. आता टायरची कड रिमच्या गादीवरून खाली ढकलायची. आठ वर्षं बसलेली कड जणू रिमचाच भाग झालेली असते. कडेभोवती साबणाचं पाणी सोडा, दहा मिनिटं मुरू द्या. मग दोन मोठे जी-क्लॅम्प (स्क्रूनं आवळायचे शिकंजे) टायरवर रिमच्या अगदी लगत, आमनेसामने नाही तर वीतभर अंतरानं शेजारी लावून आळीपाळीनं आवळा. एका जागी कड सुटली की बाकीची गुडघ्यानं आणि टाचेनं सुटते. क्लॅम्पनं नाही झालं तर पहारीनं रिम ओरबाडत बसू नका. व्हिडिओत लोक टायरवर जॅक ठेवून वर गाडी उचलतात. मी तसा जॅक निसटताना पाहिलाय. ते तुम्ही करू नका, मुलाला तर अजिबात करू देऊ नका.

खरं सांगू का? इथेच माझा सल्ला बदलतो. स्कूटरचं दहा-बारा इंचाचं चाक असेल तर सगळं घरी करा, क्लॅम्पनं दहा मिनिटांत कड सुटते. मोटारीचं चाक असेल आणि अर्ध्या तासात कड सुटली नाही तर चाक डिकीत टाका, मशीन असलेल्या टायरवाल्याकडे न्या आणि सांगा, "सिर्फ बाहर की साइड दबा दो, टायर उतारना नहीं है." तुमचा व्हॉल्व्ह तुमच्या हातात असू द्या. मशीनला कड सोडवायला वीस सेकंद लागतात. यात हार मानल्यासारखं काही नाही. निदान तुम्ही केलंत, माल तुम्ही निवडलात, तो फक्त दाबतोय.

कड सुटली की व्हॉल्व्हच्या बाजूला टायर खाली दाबून फटीत लाकडाचे दोन तुकडे अडकवा, चार बोटं आत जातील एवढी जागा हवी. आतली कड तशीच बसलेली राहू द्या, तिला हात लावायचा नाही. पुढे हवा भरताना तीच कामी येते. जुना व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूनं बुडाशी सुरीनं कापा आणि आत ढकलून काढून घ्या. तुकडा आत विसरू नका, नाही तर चाक खुळखुळ्यासारखं वाजेल. कापलेल्या तुकड्यावर ती चीर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चीर दिसलीच नाही तर थांबा, गळती दुसरीकडे आहे.

भोकाची कड हा दुर्लक्षित भाग आहे. लोखंडी रिमला तिथे गंज धरतो. पावसाळ्यात माळव्याची काळी माती रिममध्ये थापून बसते आणि ओल धरून ठेवते. गंजाच्या पापुद्र्यावर नवा रबर बसवलात तर महिन्याभरात तिथूनच बुडबुडे. बारीक पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून दोन्ही बाजूंनी कड गुळगुळीत करा, कपड्यानं पुसा. कानशीनं भोक मोठं करू नका.

नव्या व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा. ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, त्यानं रबर फुगतं. आतून भोकात घाला, बाहेरून आट्यांना धरून ओढा. व्हॉल्व्ह ओढायचं एक दांडीचं अवजार मिळतं, तेच घ्या. ते नसेल तर आट्यांवर धातूचं टोपण घट्ट लावून ते पकडीनं धरा, उघडे आटे पकडीत धरले तर टोपण पुन्हा बसायचं नाही. ओढ सरळ, रिमच्या भोकाला काटकोनात. तिरकं ओढलं की रबराला आतूनच काप जातो आणि आपण स्वतः नवा व्हॉल्व्ह गळका करून ठेवतो. टपकन आवाज होऊन खाचेत बसतो, तो आवाज हाताला कळतो. बाहेरून रबराची कड भोकाभोवती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

हवा भरताना कडेला पुन्हा साबणपाणी, रेघ व्हॉल्व्हसमोर आहे ना ते पाहा. तुमच्या छोट्या पंपाचा श्वास लहान आहे, म्हणून पिन न घालता नळी आट्यांवर लावा, वाट मोकळी मिळते. तरी कड धरत नसेल तर टायरच्या पाठीवर चोहोबाजूंनी सामान बांधायचा पट्टा आवळा, म्हणजे कडा बाहेर पसरतात, आणि कड धरायला लागली की पट्टा सोडा. 'धप्प' झालं की कड बसली. बोटं फटीपासून दूर, अंगही चाकावर ओणवं नको. ४० पीएसआयपर्यंत कड बसली नाही तर पुढे जाऊ नका, हवा सोडा, साबण लावा, पुन्हा करा. ज्वालाग्राही स्प्रे मारून काडी लावायची जादू पाहिली असेल, तिचं नावही काढू नका.

मग नळी काढा. हवा जाईल, कड बसलेलीच राहील. पिन घाला, दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेला दाब भरा. टायरवर रिमलगत एक बारीक गोल रेषा असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे ना बघा. व्हॉल्व्ह वाकवून साबणाची तीच परीक्षा पुन्हा घ्या. चाक बसवताना नट समोरासमोर आवळा, पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा परत तपासा.

टोपण साधं प्लॅस्टिकचं लावा. सियागंजच्या बाजूला रंगीत ॲल्युमिनियमची टोपणं मिळतात, मुलाला आवडतील. ॲल्युमिनियम आणि पितळ ओलीत एकमेकांना असे धरतात की दोन पावसाळ्यांनंतर टोपण निघतच नाही. माझ्या स्वतःच्या गाडीवरचं असं टोपण मी पकडीनं पिळलं तेव्हा व्हॉल्व्हच मुळापासून तुटून हातात आला, रात्री नऊ वाजता, स्टेपनी घरी. त्यानंतर माझ्या चारही चाकांवर काळं प्लॅस्टिक आहे.

आणि ते व्हील कव्हर बसवताना खाच बरोबर व्हॉल्व्हवर आणून मगच ठोका. खाच अरुंद असेल तर गरम सुरीनं दोन मिलिमीटर रुंद करून घ्या, दिसत नाही. आठवड्यानं दाब मोजून कळवा, ताई. ३२ चे ३१ असतील तर काम झालं.